डाइसचा आवाज कुठे गेला

आमच्या ग्रुपमधला एकजण गेल्या वर्षी लांब राहायला गेला आणि तेव्हापासून तो शनिवारच्या आमच्या डाइस टाकत गोष्ट रचायच्या गेमला व्हिडिओ कॉलवर येतो, म्हणजे टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप उघडून ठेवलेला असतो आणि त्यात त्याचं तोंड. पहिली तीन-चार सेशन्स काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं पण नेमकं काय ते सापडेना. नेट व्यवस्थित, चेहरा नीट दिसतोय, बोलणं तर शेजारी बसल्यासारखं ऐकू येतंय. पण त्याची पाळी आली की मधेच एक खड्डा पडायचा. तो म्हणायचा "टाकतो हं", मग काहीच नाही, मग "चौदा". त्या खड्ड्यात बाकीचे इकडेतिकडे बघायला लागायचे, कोणी फोन उचलायचं, कोणी शेजारच्याशी भलतंच काहीतरी बोलायला घ्यायचं, आणि चौदा म्हणजे बाण लागला का नाही हे ऐकायला निम्म्या लोकांचं लक्षच नसायचं.

मग एकदा त्याच्या माइकचा काहीतरी प्रॉब्लेम म्हणून आम्ही दोघं कॉलच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि तिथे ते दिसलं. नॉइज सप्रेशन, चालू. हे सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं आणि बाकी सगळं, पंख्याची घरघर, कीबोर्डची टकटक, दार आपटलेलं, सगळं गाळून टाकतं. आता कीबोर्डची टकटक आणि टेबलावर डाइस पडल्याची टकटक यात त्याला काय फरक कळणार, त्याच्या हिशोबाने दोन्ही कचराच. म्हणजे हा माणूस तिकडे दर वेळी खरे डाइस टाकत होता आणि ते सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे ते पुसत होतं.

आम्ही ते बंद केलं. पुढच्या रोलला लॅपटॉपच्या स्पीकरमधून खडखड आली, मग टक, टक, एक शेवटची गिरकी, आणि थांबलं. तोवर टेबलावरच्या सगळ्या माना लॅपटॉपकडे वळल्या होत्या.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय. आपण खेळात जे जे नवीन काही आणतो, ॲप, टॅब, मॅप, ते काहीतरी साफ करून देतं, वेळ वाचवतं, गोंधळ कमी करतं, आणि तो गोंधळ कमी करता करता कधी कधी नेमका खेळच उचलून नेतं. मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या सगळ्या नोट्स फोनमध्ये आहेत आणि लॅपटॉप नसता तर आमचा तो मित्र गेममध्येच नसता. पण कुठली गोष्ट काय घेऊन जाते हे बघून घ्यायची सवय मला या डाइसमुळे लागली.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे चार-पाच जण एकत्र बसून तोंडी गोष्ट रचतात, प्रत्येकाचं एक पात्र, आणि एकजण (आमच्याकडे मी) बाकी सगळं जग चालवते, राक्षस, राजे, पाऊस, बंद दरवाजे. काय करायचं ते खेळाडू सांगतो, जमलं की नाही ते डाइस सांगतात. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, जो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढला, एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई फक्त १००० प्रतींची. त्या काळातल्या डाइसचे आकडे रंगवलेले पण नसायचे, काही सेटमध्ये सोबत एक मेणाचा खडू यायचा आणि तो आकड्यांच्या खाचांवर घासून, वरचं पुसून, आपणच आकडे दिसतील असे करायचे. मला ही गोष्ट फार आवडते, खेळायला लागायच्या आधीच त्या डाइसवर तुमचा हात फिरलेला असायचा.

आता कॅरेक्टर शीटचं सांगते, म्हणजे पात्राचे आकडे आणि सामान लिहायच्या पानाचं. माझ्याकडे एका फाइलमध्ये आमच्या पहिल्या कॅम्पेनची (सेशनमागून सेशन चालणारी एक लांब गोष्ट) सगळी शीट्स आहेत, कागदाची. त्यातलं एक बिजली नावाच्या चोरटीचं. त्या शीटवर हिट पॉइंटचा, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय त्या आकड्याचा, जो चौकोन आहे तिथे कागद इतक्या वेळा खोडरबरने घासलाय की उजेडासमोर धरला तर आरपार दिसतं, आणि एका कोपऱ्यात तर भोकच पडलंय. भोकाच्या भोवती पेन्सिलीचा करडा डाग, त्यात कुठे २२ चा दोन अर्धवट दिसतो, कुठे ९. खाली सामानाच्या यादीत "दोर ५० फूट" खोडून "दोर ३० फूट", कारण २० फूट एका विहिरीत कापून सोडावा लागला. त्याच्या खाली "राणीची अंगठी (परत द्यायची!)" आणि तिच्यावर काट नाही, कारण ती कधी परत दिलीच नाही. शीट हातात घेतलं की मला ते तीन वर्षांचं कॅम्पेन आठवतं, आणि ते मी कुठे लिहून ठेवलंय म्हणून नाही, तर कागद कुठे झिजलाय त्यावरून.

दुसऱ्या कॅम्पेनला आम्ही सगळे एका ॲपवर गेलो. नाव घेत नाही, आणि त्यांनी मुद्दाम काही वाईट केलं असंही नाही. ॲप छान होतं. लेव्हल वाढली की सगळी बेरीज आपोआप, कुठला स्पेल (मंत्र) किती वेळा वापरला त्याच्या टिकल्या, हिट पॉइंटसाठी अधिक-उणेची बटणं. पहिल्या दोन सेशनमध्येच प्रत्येक लढाई निदान पाव तासाने आटोपायला लागली, मी खूश होते. मग काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मार खाल्ल्यावर कोणी काही बोलतच नाहीये. आधी मी "अकरा लागले" म्हटलं की खोडरबर शोधायचं, खोडायचं, नवीन आकडा लिहायचा, तेवढ्यात त्या माणसाचा चेहरा पडायचा, शेजारचा वाकून बघायचा "किती राहिले रे", आणि लगेच कोणीतरी "मी पुढे जाते, तू मागे हो" म्हणायचं. ॲपमध्ये अंगठा दोनदा दाबला, झालं. आकडा प्रत्येकाच्या स्वतःच्या स्क्रीनमध्ये, बाकी कुणाला दिसतच नाही. आमच्यातला एक योद्धा तीन हिट पॉइंटवर उभा होता आणि हे कोणालाच माहीत नव्हतं, पुढच्या वाराने पडला तेव्हा कळलं.

आणि मग ते ॲप बंद झालं. ईमेल आला होता, अमुक तारखेच्या आत डेटा उतरवून घ्या, पण आमच्यातल्या दोघांचं अकाउंट जुन्या ईमेलवर होतं आणि त्यांनी तो बघितलाच नाही. दीड वर्षाची दोन पात्रं गेली. आकडे आम्ही आठवून परत लिहिले, ते काही अवघड नाही, पण त्यातल्या एकाने पात्राच्या नोट्समध्ये दर सेशननंतर त्या पात्राच्या तोंडून चार ओळी लिहिल्या होत्या, आम्हाला कोणालाही न सांगता, कॅम्पेन संपलं की वाचून दाखवणार होता म्हणे. त्या गेल्या. तो हे सांगताना हसत होता पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण ॲपवर जाऊ या हा आग्रह माझा होता.

तेव्हापासून आमचा नियम असा की आकड्यांसाठी कागद आणि पेन्सिल, आणि लिखाणासाठी साधी टेक्स्ट फाइल, जी उद्या कुठलीही कंपनी राहिली न राहिली तरी उघडेल. फाइल सगळ्यांच्या फोनमध्ये, एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर. आणि प्रत्येक लेव्हलला कागदाच्या शीटचा फोटो काढायचा. फोटोत खोडलेलं पण दिसतं, हे मला नंतर कळलं, आणि आता तर मी ते फोटो ओळीने लावून बघत बसते.

डाइस ॲपबद्दल लोक भांडतात ते बहुतेक वेळा रँडम किती खरं यावर. मला तो मुद्दाच वाटत नाही. फोनमधला आकडा एका सूत्रातून निघतो आणि खेळापुरता तो पुरेसा रँडम असतो, उलट स्वस्तातले प्लॅस्टिकचे डाइसच आत हवेचा बुडबुडा राहिला तर एका बाजूला झुकतात, म्हणून तर लोक भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात डाइस तरंगवून बघतात की तोच तोच आकडा वर येतोय का. वीस बाजूंच्या चांगल्या डाइसवर समोरासमोरच्या दोन आकड्यांची बेरीज २१ येते, मोठे आकडे एकाच अंगाला जमू नयेत म्हणून. हे सगळं ठीक. माझा मुद्दा वेळेचा आहे.

ॲडव्हांटेज घ्या. वीस बाजूंचे दोन डाइस, म्हणजे डी-ट्वेंटी, टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. एका डाइसवर वीस येण्याची शक्यता ५ टक्के, ॲडव्हांटेजमध्ये ९.७५ टक्के. उलट डिसॲडव्हांटेज असेल तर लहान आकडा धरायचा, म्हणजे वीस हवा असेल तर दोन्हींवर वीस यायला पाहिजे, ४०० वेळात एकदा. गणित ॲपमध्येही तेच आणि टेबलावरही तेच. पण टेबलावर दोन डाइस एका वेळी थांबत नाहीत! डिसॲडव्हांटेजला एक थांबतो, त्याच्यावर अठरा दिसतो, आणि दुसरा अजून फिरतोय. तो जो अर्धा सेकंद आहे ना, अठरा समोर दिसतोय आणि तो आपल्याला मिळणार की हातातून जाणार हे दुसऱ्याच्या हातात आहे, त्या अर्ध्या सेकंदासाठी मी आठ वर्षं दर शनिवारी हा खेळ चालवतेय. ॲप दोन्ही आकडे एकदम दाखवतं आणि लहानाला गोल पण करून देतं. फायरबॉलचं पण तसंच, सहा बाजूंचे आठ डाइस, सरासरी २८, आणि ते आठ डाइस गोळा करताना कोणाकडे सात निघतात, कोणी आपला एक देतो, मग ओंजळीत घेऊन ते हलवणं... तो स्पेल टाकणाऱ्याच्या हातात खरंच काहीतरी असतं तेव्हा.

मॅपचं थोडक्यात. ऑनलाइन टेबलं आता खूप आहेत, रोल ट्वेंटी २०१२ पासून आहे, फाउंड्री २०२० मध्ये आलं, आणि त्यात पात्राला जेवढं दिसायला पाहिजे तेवढाच मॅप उजळतो, भिंतीआडचं काळं. बघायला सुंदर. आम्ही पाच-सहा सेशन वापरलं आणि मी ते लढाईपुरतं ठेवलं, कारण त्या काळात मला "मला काय दिसतंय?" असं कोणी विचारलं नाही. दिसतच होतं ना समोर. आणि हा खेळ त्या प्रश्नावर चालतो. "काय दिसतंय" विचारलं की मी सांगते ओलसर भिंत आहे, कुठूनतरी जळका वास येतोय, मग कोणीतरी म्हणतं वास कुठून, आणि तिथून असं काहीतरी निघतं जे मी तयार केलेलंच नसतं. वास मॅपवर कुठे दाखवणार.

आता उलटी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्यातल्या एका मैत्रिणीला जवळजवळ दिसत नाही. तिच्यासाठी नियमांची पीडीएफ म्हणजे छळ होता, मोठं पान, दोन कॉलम, फोनच्या स्क्रीनवर तर डोळे असलेल्यांनाही सरकवून सरकवून वाचावं लागतं, आणि तिचा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कधी कधी दोन्ही कॉलम आडवे वाचायचा, म्हणजे डावीकडे तलवारीचं वाक्य सुरू आणि उजवीकडे घोड्याच्या किमतीत संपणार. २०२३ च्या जानेवारीत या खेळाचे मूळ नियम, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सखाली खुले झाले. मूळ कर्त्याचं नाव देऊन कोणीही ते कॉपी करू शकतं, बदलू शकतं, वाटू शकतं. पाचव्या आवृत्तीची मुख्य यंत्रणा त्यात आहे, जवळजवळ ४०० पानं. तेव्हा खेळाची कंपनी जुनं लायसन्स बदलू बघत होती आणि इंटरनेटवर सगळे त्यावर तावातावाने बोलत होते आणि ते बरोबरही होतं, पण आमच्या घरात त्याचा अर्थ असा होता की मी ते नियम उचलून साध्या टेक्स्टमध्ये तिला हवे तसे तोडून देऊ शकत होते. दोन महिने रोज थोडं थोडं केलं. प्रत्येक स्पेलची वेगळी फाइल, पहिल्या ओळीत नाव, दुसरीत किती लांबून चालतो, तिसरीत काय होतं. तिचं शीट पण तसंच, एका ओळीत एक गोष्ट, "हिट पॉइंट ३१ पैकी २४".

आता ती एका कानात इयरफोन घालून बसते, फोन तिला इतक्या फास्ट वाचून दाखवतो की मला एक अक्षर कळत नाही, आणि नियमाचा वाद झाला की बाकीचे पानं उलटत असताना ती शांतपणे उत्तर सांगून मोकळी झालेली असते. आधी ती दर वेळी शेजारच्याला विचारायची, माझ्याकडे कुठले स्पेल राहिलेत सांग ना, आणि विचारायला नको म्हणून तेच तेच दोन वापरायची. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तिने ते नंतर सांगितलं.

तिचा डी-ट्वेंटी मोठा आहे, आकडे वर उठलेले. तो थांबला की ती बोटाने चाचपून वाचते. बोलून आकडा सांगणारं ॲप तिच्या फोनमध्ये आहे, कधी वापरत नाही. ती बोट फिरवत असते तेव्हा आम्हाला सगळ्यांना आकडा दिसत असतो, पण कोणी ओठ हलवत नाही. तिच्या आधी कोणी सांगायचं नाही हे आमच्यात कधी ठरलं पण नाही, आपोआप झालं.

सेशन रेकॉर्ड करून त्याचं लिखाण करून घ्यायचं पण एकदा करून बघितलं, सगळ्यांना विचारून. तीन तासांचे वीस-पंचवीस हजार शब्द आले, पात्रांच्या नावांची वाट लागलेली, आणि कोणीही ते वाचलं नाही. आता दर वेळी एकजण पाच ओळी लिहितो, आळीपाळीने. पाचच. कोणाला काय महत्त्वाचं वाटलं ते त्यातून कळतं आणि पुढचं सेशन बांधायला मला तेच लागतं. मागे सगळी लढाई सोडून एकीने फक्त एका म्हाताऱ्या नावाड्याबद्दल पाच ओळी लिहिल्या, ज्याला मी दोन मिनिटांसाठी आणला होता. पुढचा सगळा महिना मी त्या नावाड्यावर काढला.

फोन टेबलावर असतात, मी बंदी घातलेली नाही. डू नॉट डिस्टर्ब लावायचं आणि स्क्रीन वर ठेवायची, म्हणजे कोण काय बघतंय ते सगळ्यांना दिसतं, एवढंच. एकीचं बाळ घरी असतं, तिचा फोन वाजतो आणि वाजलाच पाहिजे.

मागच्या शनिवारचं सांगून थांबते, कारण ते सांगायलाच खरं तर लिहायला बसले. फितूर सेनापती किल्ल्याच्या तटावरून निसटत होता आणि आमचा लांबचा मित्र, जो तिरंदाज आहे, म्हणाला मी मारतो. अंतर ५०० फूट. लाँगबो (त्याचं मोठं धनुष्य) १५० फुटांपर्यंत नीट चालतो आणि ६०० पर्यंत डिसॲडव्हांटेजने, त्यात सेनापती दगडाआड, म्हणजे बाण लागायला आणखी ५ जास्त पाहिजे. हिशोब केला तर दोन्ही डाइसवर १८ किंवा वर पाहिजे. ४०० त ९, सव्वादोन टक्के. सगळ्यांनी त्याला सांगितलं नको, बाण वाचव. तो म्हणाला "टाकतो हं".

त्याचा कॅमेरा चेहऱ्यावर असतो, डाइस कधीच दिसत नाहीत. खडखड आली. टक. तो म्हणाला "एक एकोणीस". आणि दुसरा अजून वाजत होता, मग तो आवाज बदलला, टेबलावरून खाली फरशीवर गेला, लांब लांब जात राहिला आणि कशालातरी आपटून थांबला. इकडे पंखा सोडून काही आवाज नाही. त्याची खुर्ची सरकली, तो स्क्रीनमधून गेला, फक्त मागची भिंत दिसत होती.

परत आला, बसला. म्हणाला, "वीस होता. पण खाली पडला."

खाली पडलेला रोल धरायचा नाही हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. तिकडे खोलीत तो एकटा होता, टेबलावरच थांबला म्हणाला असता तर... पण नाही, फरशीचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता, आणि ऐकला नसता तरी तो हेच म्हणाला असता याची मला खात्री आहे. मी जग चालवते, मी म्हणू शकले असते जाऊ दे, धरू. तोंडात आलं पण होतं. माझ्या आधी तोच म्हणाला, "परत टाकतो, तो एकच."

सहा आला.

बाण दगडावर आपटून तुटला आणि सेनापतीने मागे वळून बघितलं, एवढंच मी सांगितलं, आणि सेशन तिथेच थांबवलं. या आठवड्याच्या पाच ओळी त्याच्या आहेत. काल रात्री फाइलमध्ये आल्या, पहिली ओळ अशी आहे: "त्याने माझा चेहरा बघितलाय."